बबल सॉर्ट आणि सेवाज्येष्ठता

संगणकाचा शिक्षक कॉलेजात एकटा असतो. मराठीला तिघं असतात, अर्थशास्त्राला दोघं, गणिताला चार, आणि त्या चौघांचं आपापसांत पटत नाही. पण न पटायलाही माणूस लागतो. संगणकवाला आपला लॅबमध्ये बसून असतो. लॅबला एसी आहे. तो मशिनसाठी आहे, सरांसाठी नाही, हे रुजू होतानाच त्याच्या कानावर घातलेलं असतं. चहाला म्हणून स्टाफरूममध्ये डोकावला तर दारातच कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "बरं झालं आलात सर. हा स्टोरेज फुल म्हणतोय." रसायनशास्त्राच्या मॅडमना कुणी घरचा सिलिंडर बदलायला बोलवत नाही. भूगोलाच्या सरांना कुणी पाचगणीचा रस्ता विचारत नाही. पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं हा एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा गाभा आहे, अशी तमाम महाराष्ट्राची खात्री आहे. प्राचार्यांचा विसरलेला पासवर्ड, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, नॅकसाठीचे तक्ते, संस्थेच्या सचिवांच्या नातीचा विज्ञान प्रकल्प, सगळं फिरून त्याच्याकडेच येतं. मग वेळ उरला तर तास.

म्हणून विभागीय परिषदेचं पत्र आलं की हा माणूस पहिल्यांदा तारीख बघतो, मग ‘कर्तव्य रजा’ हे दोन शब्द बघतो आणि मग विषय. विषय नाही बघितला तरी चालतं. एका सभागृहात शंभरावर माणसं अशी असणार, की ज्यांना ‘सेमिकोलन राहिला’ या दोन शब्दांतलं दुःख समजतं, एवढं त्याला पुरतं.

मी सांगतोय ती परिषद कनिष्ठ महाविद्यालयांतल्या आम्हा मंडळींची होती. बोर्डाच्या हिशेबात कोल्हापूर विभाग म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे. यजमान कॉलेजचं नाव घेत नाही, कारण जेवण फार चांगलं होतं.

बाहेरच्यांसाठी आधी आमच्या विषयाबद्दल थोडं. बारावी सायन्सला संगणकशास्त्र हा द्विलक्ष्यी विषय घेतला की एकदम २०० गुण येतात आणि त्या बदल्यात दुसरी भाषा अन् एक ऐच्छिक विषय सुटतो. दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. म्हणजे निम्मे गुण आमच्या हातात. पालकांना या विषयाबद्दल जे प्रेम आहे ते सगळं या निम्म्यापोटी आहे. विषयात काय शिकवतात हे आजवर एकाही पालकाने मला विचारलेलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण उत्तर द्यावं लागलं असतं, की तुमच्या मुलाच्या खिशात अब्जावधी ट्रान्झिस्टरचा फोन आहे आणि आम्ही त्याला इंटेलचा ८०८५ शिकवतो. जन्म १९७६. ट्रान्झिस्टर साडेसहा हजार. नावातला शेवटचा पाच म्हणजे पाच व्होल्ट, हा प्रश्न तोंडीला हमखास. हा प्रोसेसर त्याच साली सेवेत रुजू झाला असता तर एव्हाना निवृत्त होतानाची शाल पांघरून घरी बसला असता. पण अभ्यासक्रमात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे, आणि खरं सांगायचं तर आमचा त्याच्यावर जीव आहे. त्याचे रजिस्टर बोटांवर मोजता येतात. आत काय चाललंय ते फळ्यावर काढून दाखवता येतं. आजच्या प्रोसेसरमध्ये काय चालतं ते बनवणाऱ्या कंपनीतल्या एकट्यादुकट्यालाही सांगता यायचं नाही.

दारात नोंदणी होती. क्यूआर कोड स्कॅन करायचा, फॉर्म भरायचा, ओटीपी टाकायचा आणि मग शेजारच्या टेबलावर मॅडमपुढच्या आखीव वहीत सही करायची. सातारच्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, दोन्ही कशाला?" मॅडम म्हणाल्या, "ते परिषदेसाठी आहे सर. हे खरं आहे."

आत गेलो तर सगळे स्टेजकडे बघत उभे. स्टेजवर वीस फुटी फ्लेक्स, त्यावर लाल अक्षरांत: ‘संगणक शक्षिक परषिद’.

दुसऱ्या कुठल्याही विषयाच्या परिषदेत हा फ्लेक्स पाहून लोक हसले असते. इथे कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत निदान सुरू झालं. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षराच्या मागे; ‘शि’ म्हणजे आधी ‘श’, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र ती अक्षराच्या आधी दिसायला हवी. ही उलटापालट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने करायची असते, आणि छपाईवाल्याच्या जुन्या डिझाइन पॅकेजला ती येत नाही. ते आलेल्या क्रमाने अक्षरं मांडतं आणि वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. इचलकरंजीच्या सरांचं म्हणणं पडलं, की छपाईवाल्याला श्री-लिपीत टाइप करून द्यायला हवं होतं. कराडच्या मॅडमचं म्हणणं, की पीडीएफ द्यायला हवी होती. तिसऱ्या एकांनी थेट युनिकोडच्या आधीच्या इस्की संकेतापासून इतिहास काढला. यजमान सर घामाघूम होऊन सांगत होते, "अहो, मी त्याला इमेजच पाठवली होती! त्याने म्हटलं फाटेल, म्हणून परत टाइप केलं." यावर तिन्ही जिल्ह्यांनी सहानुभूतीने मान हलवली. चूक कुणाचीही असो, ती शेवटी आपल्याच नावावर टाकली जाते, हे ऐकायला तिथे कुणी नवखं नव्हतं.

फ्लेक्स तसाच राहिला. दिवसभराचे सगळे फोटो त्याच्यासमोर निघाले.

उद्घाटनाला समई होती. समईला पाच वाती. चार पाहुण्यांनी चार वाती लावल्या, आणि पाचवीला प्राचार्य वाकले तेवढ्यात फोटो काढणारा मुलगा ओरडला, "सर, थांबा! जीपीएस येईना." अहवालाला जिओटॅग फोटो लागतो. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ फोटोच्या कोपऱ्यात उमटल्याशिवाय कार्यक्रम झाला असं धरत नाहीत. सभागृहाला वर पत्रा. उपग्रह काही केल्या सापडेना. प्राचार्य हातात पेटती मेणबत्ती घेऊन ओणवे, पाहुणे हात जोडून हसऱ्या मुद्रेत, आणि मुलगा मोबाइल घेऊन खिडकीकडे. मेणबत्तीचा थेंब प्राचार्यांच्या बोटावर पडला तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघालं ते माइकने प्रामाणिकपणे सगळ्यांना ऐकवलं. अखेर उपग्रह आला. पाचवी वात लागली. टाळ्या वाजल्या त्या उपग्रहासाठी होत्या.

मग भाषणं. इथे आमच्या जमातीची एक खूण सांगतो. ८०८५ च्या भाषेत प्रोग्रॅम थांबवायची जी आज्ञा असते, ‘हॉल्ट’, तिचा हेक्साडेसिमल कोड ७६ आहे. ट्रेनर किटवर प्रोग्रॅमच्या शेवटी ७६ टाकायचा विसरलात तर प्रोसेसर थांबत नाही. पुढच्या मेमरीत जे काही आल्तूफाल्तू पडलेलं असेल तेही आज्ञा समजून करत सुटतो. प्रास्ताविक विसाव्या मिनिटाला संस्थेच्या स्थापनेपर्यंत मागे गेलं, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "शहात्तर." रांग खुसखुसली. पुढे सचिवसाहेब उभे राहिले. अमेरिकेने आपल्याला महासंगणक नाकारला आणि मग पुण्यात डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली परम उभा केला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या संगणकाच्या कुठल्याही उद्घाटनात यावीच लागते, आणि ती आहेही सांगण्यासारखी. साहेब रंगात आले. मूठ वळून म्हणाले, "आणि मग आपण जगाला दाखवून दिला, परम ८०८५!" खरा तो परम ८०००. क्षणभर शांतता. मग सभागृहाने असा टाळ्यांचा कडकडाट केला, की साहेबांनी ते वाक्य पुन्हा घेतलं. आमच्या ८०८५ ला एवढा मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता. तो खाली आणायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

बीजभाषणाला पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीतले तज्ज्ञ आले होते. तरुण, टी-शर्टवर ब्लेझर. त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

आता गंमत बघा. सभागृहात शंभरावर संगणक शिक्षक. काय झालं असावं हे निम्म्यांना जागेवरून कळलेलं. पण एकही उठला नाही. सगळे छताकडे, फ्लेक्सकडे, कार्यक्रमपत्रिकेकडे बघत राहिले. न येण्यातला भाग नव्हता हा. एकदा उठलं की कायमचं उठावं लागतं, हे प्रत्येकाला आपापल्या कॉलेजात कळून चुकलेलं होतं. वर्षातला हा एकच दिवस, की ज्या दिवशी प्रोजेक्टर दुसऱ्याचा आहे. शेवटी मंडपवाल्याचा पोरगा खुर्च्या मांडायच्या सोडून आला, ‘विंडोज’ आणि ‘पी’ ही दोन बटणं एकदम दाबली आणि परत खुर्च्यांकडे गेला. माझ्या शेजारचे सर त्याच्याकडे बघत कळवळून म्हणाले, "गेला बिचारा. आता याला सगळे बोलावणार."

तज्ज्ञांनी सुरुवात चांगली केली. उद्योगाला काय हवं, आपण काय शिकवतो, मधली दरी वगैरे. दरी आम्हाला सवयीची आहे; दर परिषदेत ती तेवढीच असते. पण मग त्यांनी पडद्यावर एक प्रोग्रॅम दाखवला आणि विचारलं, "यात चूक काय आहे?" प्रोग्रॅम आमच्याच पुस्तकातल्यासारखा होता. शोधूनही चूक सापडेना. ते म्हणाले, "व्हॉइड मेन. हे सी प्लस प्लसमध्ये चालतच नाही. मेनने इंट परत द्यायला हवा. १९९८ च्या पहिल्या प्रमाणभाषेपासून हे ठरलेलं आहे."

सभागृहात जी कुजबुज सुरू झाली ती मी गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या मीटिंगनंतर प्रथमच ऐकली. आम्ही टर्बो सी प्लस प्लसवर वाढलेली माणसं. बोरलँडने ते १९९० साली काढलं. निळा पडदा, पिवळी अक्षरं. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते आपणहून चालतही नाही, त्याला आधी डॉसबॉक्स नावाचं खोटं जुनं मशीन उभं करून द्यावं लागतं आणि मग ते सुखाने चालतं. म्हणजे नवं मशीन विकत घ्यायचं, त्यात जुनं मशीन असल्याचं नाटक करायचं आणि त्या नाटकात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं. आमचा भाषेशी परिचय प्रमाणभाषा ठरायच्या आधीचा आहे. घरातल्या मोठ्यांना जसं शुद्धलेखन सांगू नये तसं आम्हाला व्हॉइड मेनबद्दल सांगू नये.

मिरजेच्या एक ज्येष्ठ मॅडम उभ्या राहिल्या. अतिशय शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर आहे. पण पुस्तकात व्हॉइड मेन आहे. उत्तरपत्रिका तपासताना नमुना उत्तरात व्हॉइड मेन आहे. मी मुलांना इंट मेन शिकवलं आणि तपासणाऱ्याने गुण कापले, तर ते गुण तुमची कंपनी देणार का?"

तज्ज्ञांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "चालू द्या मॅडम." आणि पुढची स्लाइड लावली. त्यांना दिवसभरात सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला मिळाल्या.

जेवणात मसालेभात, मटकीची उसळ, पुरी, जिलेबी आणि मठ्ठा. खरी परिषद इथे भरते. ताट हातात घेऊन उभ्यानेच देवाणघेवाण चालते. कुणाच्या कॉलेजात अनुदान आलं, कुणाचं अजून ‘टप्प्यावर’ आहे, कुणाला तासिका तत्त्वावर किती मिळतात आणि ते कोणत्या महिन्यात मिळतात. प्रात्यक्षिकाला बहिःस्थ परीक्षक म्हणून कुठे गेलं तर दुपारी ताट कसं असतं, याचे तीन जिल्ह्यांचे ताजे नकाशे इथे मिळतात. जर्नलचा विषय निघाल्याशिवाय तर जेवण संपत नाही. आमच्याकडे मुलं प्रोग्रॅम हाताने लिहितात, उजव्या पानावर शाईने. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने त्याचं आउटपुट. प्रोग्रॅम मशिनवर चालवायच्या आधीच आउटपुट काढून झालेलं असतं, कारण ते मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये असतं. वाळव्याकडच्या एका सरांनी सांगितलं, की त्यांच्या एका विद्यार्थ्याने बेरजेच्या प्रोग्रॅमचं आउटपुट चुकीचं काढलं होतं, आणि तपासताना लक्षात आलं की वर्गातल्या सगळ्यांचंच तेवढंच चुकीचं आहे. मागे मागे जात शोधलं तर ती चूक एका मुलीने केली होती, आणि ती मुलगी आता त्याच कॉलेजात संगणकाची शिक्षिका आहे. "मग?" आम्ही विचारलं. "मग काय, मॅडमनी बरोबरची खूण केलेली आहे."

जेवणानंतर शोधनिबंध वाचन होतं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रत्येकाला पाच मिनिटं, त्यातली दोन फाइल शोधण्यात. एका निबंधाला तीन लेखक होते; वाचायला तिसरा आला होता आणि पहिल्या लेखकाचं नाव घेताना तो उभ्याउभ्या किंचित वाकला, त्यावरून ते प्राचार्य असावेत. ‘क्लाउड कंप्युटिंग: एक दृष्टिक्षेप’ या नावाचे दोन निबंध दोन वेगवेगळ्या तालुक्यांतून आले होते. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकून उदार मनाने सांगितलं, "माझे मुद्दे सरांनी मांडलेच आहेत," आणि खाली बसला.

दिवसातला खरा तमाशा दुपारी साडेतीनला झाला, आणि तोही एका मॅडमच्या फार चांगल्या हेतूपायी. त्या पुण्याहून आल्या होत्या. संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचं, हे त्यांचं काम. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही वाट पाडली. पत्ते, दोरी, खडू एवढ्यावर बायनरीपासून सॉर्टिंगपर्यंत सगळं खेळातून. आपल्याकडे एसीएम इंडियाने २०१६ साली सीएसपाठशाला हा उपक्रम काढून शाळांमध्ये तोच विचार नेला. ज्या शाळेत संगणक बंद पडून त्यावर कापड घातलेलं आहे, तिथे याहून बरा मार्ग नाही, असं मला मनापासून वाटतं.

मॅडमनी आठ जणांना स्टेजवर बोलावलं. "आपण बबल सॉर्ट करू या. शेजारच्या दोघांनी एकमेकांशी तुलना करायची. क्रम चुकला असेल तर जागा बदलायच्या. असं टोकापर्यंत. एका फेरीत सगळ्यात मोठा बुडबुडा टोकाला पोहोचतो. मग पुन्हा पहिल्यापासून." इथवर ठीक. त्यांनी आकड्यांची कार्डं दिली असती तर पाच मिनिटांत खेळ उरकला असता. पण त्यांना तो ‘आपल्या आयुष्याशी जोडायचा’ होता. त्या म्हणाल्या, "कोणत्या क्रमाने लावू या? हां, नोकरीला रुजू झाल्याच्या तारखेने! सगळ्यात नवे इकडे, सगळ्यात जुने तिकडे."

महाराष्ट्रात खासगी संस्थेच्या शिक्षकांपुढे सेवाज्येष्ठता हा शब्द खेळात काढायचा नसतो. मॅडमना ते माहीत नव्हतं. ज्याचं नाव ज्येष्ठता यादीच्या तळाला, तो तुकडी कमी झाली की आधी अतिरिक्त ठरतो. त्यामुळे ‘सगळ्यात नवे इकडे’ म्हटल्यावर आठही जण नकळत दुसऱ्या बाजूला सरकले.

जुन्यांच्या टोकाकडून पहिल्या जोडीची तुलना सुरू झाली. पहिले सर म्हणाले, "माझी तारीख १ जुलै २००९." दुसरे म्हणाले, "माझी १६ जून २००९. मी जुना." मॅडम म्हणाल्या, "छान! बदला जागा." पहिले सर हलेनात. "थांबा. तुमच्या नेमणुकीची मान्यता कधीची?" दुसऱ्यांचा चेहरा उतरला. "मान्यता २०११ ची." "मग! माझी २००९ चीच आहे. रुजू होणं वेगळं, मान्यता वेगळी." खालून आवाज आला, "सलग सेवा धरतात, मान्यता नाही!" दुसरीकडून, "विनाअनुदानितवरची सेवा कोण धरतं?" मॅडम म्हणाल्या, "आपण फक्त दाखवण्यापुरतं करतोय..." पण तोवर त्यांच्या हातातून खेळ गेला होता. एका ज्येष्ठ सरांनी उभं राहून १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतली अनुसूची ‘फ’ तोंडपाठ सांगायला सुरुवात केली.

चौथी आणि पाचवी व्यक्ती तर एकाच दिवशी रुजू झालेली निघाली. मॅडमना इथे आनंद झाला. "बघा, किती छान उदाहरण! दोन किमती सारख्या असतील तर बबल सॉर्ट त्यांचा मूळ क्रम बदलत नाही. याला स्टेबल सॉर्ट म्हणतात. तुम्ही जसे उभे आहात तसेच राहा." पाचव्या क्रमांकाच्या मॅडम म्हणाल्या, "असं कसं राहा? तारीख एक असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. मी यांच्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी आहे." आयुष्यात पहिल्यांदाच एक बाई माइकवर स्वतःहून वय जास्त सांगत होती, आणि शेजारचे सर ते कमी असल्याचा आग्रह धरत होते.

आठ जणांच्या बबल सॉर्टला जास्तीत जास्त २८ तुलना लागतात. सात, मग सहा, मग पाच, अशी ती बेरीज. ३ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीस लाख ठोके पडणाऱ्या आमच्या ८०८५ ला हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत जमतं. आम्ही अर्ध्या तासात पहिल्या फेरीतली चौथी तुलना गाठली होती. २००७ साली गूगलच्या कार्यालयात बराक ओबामांना कुणीतरी गमतीने विचारलं होतं, की दहा लाख आकडे लावायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती. ते म्हणाले होते, की बबल सॉर्टच्या वाटेला जाणं चुकीचं ठरेल. अख्खं सभागृह हसलं होतं. ओबामांना अनुसूची ‘फ’ ठाऊक असती तर त्यांनी हे आणखी गंभीरपणे सांगितलं असतं.

चहा आला म्हणून तुलना थांबली. स्टेजवरचे आठ जण मात्र चहा घेऊन पुन्हा त्याच क्रमाने उभे राहून बोलत होते. मॅडम खिन्नपणे म्हणाल्या, "शाळेतली मुलं हे दहा मिनिटांत करतात हो." यजमान सर म्हणाले, "त्यांना मान्यता नसते ना मॅडम."

शेवटचं सत्र ए.आय.वर होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आल्यापासून प्रत्येक परिषदेला हे सत्र असतं आणि ते नेहमी शेवटी असतं, म्हणजे एसटीची वेळ झालेल्यांना उठून जायला बरं. वक्ते म्हणाले, "घाबरू नका. ए.आय. शिक्षकाची नोकरी घेणार नाही." मागच्या रांगेतला एक तरुण, दहा वर्षं विनाअनुदानितवर असलेला, शांतपणे म्हणाला, "घेऊ दे सर. निदान ती होती असं सिद्ध होईल." त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आभार मानले गेले. प्रत्येक वक्त्याला एक कढीपत्त्याचं रोप मिळालं, आणि पुण्याची मंडळी ती रोपं मांडीवर घेऊन गाडीत बसली.

प्रमाणपत्रं ई-मेलने येणार होती. आली. उघडलं तर माझ्या प्रमाणपत्रावर नाव विट्याच्या एका मॅडमचं, कॉलेजही त्यांचं. परिषदेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर शंभर मेसेज पडले होते. कुणालाच स्वतःचं प्रमाणपत्र आलेलं नव्हतं. निदानाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. यजमानांनी एक्सेलमध्ये नावं आणि कॉलेजं अकारविल्हे लावली होती. मध्ये एक रिकामा कॉलम होता आणि त्याच्या पलीकडे ई-मेलचे पत्ते. रिकाम्या कॉलमपाशी एक्सेल समजलं की यादी इथेच संपली. नावं हलली, पत्ते जागेवरच राहिले. अकरावीला हे आम्ही सगळेच शिकवतो.

यजमान सरांनी लिहिलं, ‘क्षमस्व. उद्या सर्वांना पुन्हा पाठवतो.’ पण उद्या म्हणजे कधी, हे तिन्ही जिल्ह्यांना ठाऊक होतं. सातारच्या सरांनी आपल्याला आलेलं प्रमाणपत्र ग्रुपवर टाकलं: ‘हे कुणाचं आहे त्यांनी घ्या, माझं द्या.’ त्याखाली दुसऱ्याने टाकलं, मग तिसऱ्याने. रात्री अकरापर्यंत अदलाबदली चालू होती. कुणीतरी हिशेब केला, की १२० माणसांनी एकेकाशी ताडून बघायचं म्हटलं तर ७१४० तुलना होतात. पुण्याच्या मॅडमही ग्रुपवर होत्या. त्यांनी फक्त हात जोडल्याची खूण टाकली.

पावणेबाराला मिरजेच्या ज्येष्ठ मॅडमनी लिहिलं, ‘माझं मिळालं. पण यावर रुजू झाल्याची तारीख का नाही?’

त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, ‘७६.’